साल्मेच्या अंगणात बर्फ टिकेना

विरुमा परगण्यात त्या साली पहिला बर्फ पडला आणि गल्लीतली सारी अंगणं पांढरी झाली. साल्मेचं तेवढं काळंच राहिलं. शेजारचा म्हातारा हेइनो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "मजा आहे बाई तुझी. खालून फुकटची शेगडी. फावडं हातात धरायलाच नको."

"हवी तर घेऊन जा तुझ्याकडे," साल्मे म्हणाली. पण तिला हसू आलं नाही.

तिचा जन्म तेलाच्या कारखान्यात गेला होता. इथला दगड जळणारा. त्याचा भुगा लालबुंद राखेत घुसळला की बघता बघता तेलाची वाफ सुटते. ते घुसळणारं पिंप साल्मे सांभाळायची. वरून तगादा असायचा, लवकर आटपा. मग अर्धाकच्चा दगडही राखेबरोबर बाहेर पडे आणि गावाजवळच्या राखेच्या डोंगरावर जाई. डोंगर आतून धुमसे, तरी बायका तिथं खोकल्याच्या औषधाची पिवळी फुलं खुडायला जात. सवय झाली की माणूस वाघाशेजारीही वाळवण घालील.

गल्ली मुळात दलदलीची. साल्मेचा नवरा एंदेल कारखान्याचा ट्रक चालवायचा. त्यानं डोंगरावरचीच राख आणून भरणी केली, वर घर बांधलं. तो गेल्यापासून मुलगा मागं लागला होता, "आई, तालिनला माझ्याकडे चल." तिचं ठरलेलं उत्तर, "तुझ्या बापाच्या हातचं घर सोडून मी कुठं येऊ?"

दुसऱ्या दिवशी ती बटाटे आणायला तळघरात उतरली. तळाचा बटाटा उचलला, तर बोटांत साल सुटून आली. उकडलेला होता. आणि वास तोच, पिंपाचं झाकण उघडलं की यायचा तो. तिनं घाईत अर्धवट सोडलेलं काम आता तिच्याच घराखाली सावकाश पुरं होत होतं.

वर येऊन तिनं मुलाला फोन केला. "गाडी घेऊन ये. आजच."

ती बोचकी बाहेर ठेवत असताना हेइनोनं हटकलं, "काय गं, शेगडी टाकून निघालीस?"

"हेइनो, तुझ्या अंगणात भरणी कुणी घातली, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? एंदेलनंच की. छदाम घेतला नाही. देवमाणूस."

साल्मे त्याच्या पायरीकडे बघत होती. मग हेइनोनंही खाली पाहिलं. पायरीलगतचा बर्फ वितळून वीतभर माती काळी पडली होती.