उजवीकडून पळणारा संघ

“पोटाशी धर आणि पळ.”

हे सांगताना आमचे कोच दोन्ही हात पोटावर असे दाबायचे, की बघणाऱ्याला वाटावं यांना कळ आली आहे. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सगळं धोरण या चार शब्दांत संपायचं.

तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर ऐका. पपईच्या आकाराचा चेंडू. कमरेला कापडी पट्ट्या. समोरच्याने पट्टी ओढली की तुम्ही थांबलात. चार डावांत ठरलेलं अंतर कापायचं. त्यासाठी चेंडू घेऊन पळा, नाहीतर लांब फेका आणि दुसऱ्याने तो झेलावा. आमचा संघ फेकायचाच नाही. पहिला डाव उजवीकडून पळ, दुसरा उजवीकडून, तिसराही. चौथ्याला समोरचे प्रेक्षकच ओरडायचे, “यल्ला, राइट!” म्हणजे चला, उजवीकडे.

दोन हजारनंतरची वर्षं. कतारमध्ये, दोहाच्या कडेला परदेशी कॉलेजं नुकती उघडली होती. आधीचे अमेरिकन कोच करार संपवून निघून गेले आणि क्रीडा विभागात ऑफिसचं काम करणाऱ्या या वसईच्या गृहस्थांच्या गळ्यात शिट्टी पडली. मी मराठी आहे हे कळल्यापासून ते मला ‘बाय’ म्हणायचे.

एकदा मी तोंडावरच म्हटलं, “अंकल, तुम्ही काय करणार ते समोरच्यांना आधीच कळतं.”

“कळू दे.”

“मग हरतो ना आपण.”

“फेकलेला बॉल एकट्याने झेलायचा असतो, बाय. सुटला की आठवडाभर कॅन्टीनमध्ये त्या एकट्याची सालं काढतात. पळायचं म्हटलं की बाकी सगळे त्याच्यासाठी आड उभे राहतात. हरले तर सगळे हरतात.”

“हे कोचने बोलायचं वाक्य आहे?”

“कोच कसला? मार्चपर्यंत शिट्टी सांभाळतोय. पोरगी दहावीला आहे. तिचं बोर्ड होऊ दे, मग मला शिपाई करा.”

मी चिडले. पुण्यात शाळेत होते तेव्हापासून मी पत्रकं लिहीत आले होते, आणि चिडले की लिहायचं एवढंच मला येत होतं. एक पान लिहिलं, छापलं, कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर ठेवलं. पहिली मागणी: कोच बदला. शेवटचं वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं: ‘एकच चाल येणाऱ्या माणसाला कॉलेजने का पोसावं?’

त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. “फटकारून लिहितेस,” म्हणाले. “फक्त फेकणार कोण, ते राहिलं.” घडी घालून खिशात ठेवलं आणि सरावाला गेले.

जानेवारीत मला क्रीडा विभागात बोलावलं. समितीने माझं पत्रक गांभीर्याने घेतलं, असं तिथल्या बाईंनी कौतुकाने सांगितलं. टेबलावर अंकलना नोकरीतून कमी केल्याचं पत्र होतं. त्याला माझं पत्रक स्टेपल केलेलं. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “मी कोच बदला म्हटलं होतं. त्यांना पुन्हा ऑफिसात बसवा.”

“ती जागा भरली. आता त्यांच्या व्हिसावर कोच हेच पद आहे,” बाई म्हणाल्या. “पद गेलं, खलास.”

म्हणजे व्हिसा गेला. बायकोचा, मुलीचाही. महिन्याच्या आत देश सोडायचा, आणि परीक्षा मार्चमध्ये. मदिनत खलीफा या सुखवस्तू भागातल्या व्हिलात बसून मी हक्कांवर लिहीत होते. माझा स्वतःचा व्हिसाही वडिलांच्या नोकरीला असाच बांधलेला होता; तो उघडून वाचायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

त्याच दुपारी मी दुसरं पत्रक काढलं, अंकलना परत घ्या म्हणून. ते कोणी उचललं नाही. संघ नव्या कोचकडे चेंडू फेकायला शिकत होता. खेळापुरतं विचाराल, तर मी आजही म्हणेन की फेकायलाच हवं होतं.

मग मी फरीज बिन ओमरान वस्तीतल्या अंकलच्या फ्लॅटवर गेले. त्यांच्या बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला. मुलगी बांधलेल्या खोक्यावर वही ठेवून गणितं सोडवत होती. मी तिला “कसा चाललाय अभ्यास?” विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, “फाइन.”

माफीची वाक्यं मी पाठ करून गेले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कोरा कागद आणला.

“बरं झालं आलीस, बाय. तू चांगलं लिहितेस. शाळेला अर्ज हवाय, दाखला लवकर द्या म्हणून. वसईची शाळा म्हणते, दाखला आणा, मग यंदा बसवता येतं का बघू.”

मी लिहायला लागले. कारणापाशी हात थांबला.

“खरं लिहू?”

“नको. हेच कारण दाखल्यावर येणार, आणि तो घेऊन ती नव्या वर्गात जाणार आहे.” त्यांनी मुलीकडे पाहिलं. “लिही, वडिलांची बदली झाली.”

मी लिहिलं. त्यांनी सही केली, शाई वाळेपर्यंत हळूहळू फुंकर घातली आणि कागद मुलीच्या गणिताच्या वहीत ठेवला.