टाकीच्या थांब्यापर्यंत

लाकडाची वखार मागे पडली तेव्हा मी अक्काला तिसऱ्यांदा विचारलं, "अजून किती?"

"आली गं टाकी. पूल ओलांडला की आलीच."

पूल मला कुठे दिसत नव्हता. एका बाजूला कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला बंद शटरं, आणि मधून सरळसोट रस्ता. सकाळचे साडेसहा वाजून गेले होते. आम्हाला निघून अर्धा तास झाला होता. पाठीमागून आमची बस आली, थांब्यावर जरा रेंगाळली आणि पुढे गेली. अक्काने तिच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"कंडक्टर हात करत होता," मी म्हटलं.

"त्याला सवय आहे. परवा म्हणाला, अक्का, आमच्यावर रुसलात का? म्हटलं, रुसले नाही बाबा, टाकीवर भेटू."

आम्ही दोघी एका मोठ्या लाँड्रीत कामाला. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे गाडीने धुवायला येतात. मी इस्त्रीच्या रोलरवर असते आणि अक्का रफूला. पंचावन्नची असेल. नवरा गेला तेव्हा मुलगा सहावीत होता. शेजारच्या शिंप्याच्या बायकोने तिच्या हातात सुई दिली, ती आजपर्यंत खाली ठेवलेली नाही. बाकीच्या बायका चादर खिडकीशी नेऊन उजेडात बघतात. अक्का डोळे मिटून चादरीवरून हात फिरवते. "भोक डोळ्याला दिसतं, विरलेलं बोटालाच कळतं," असं ती नव्या पोरींना सांगते. भोक पडायच्या आधीच ती कापड धरते, म्हणून दवाखान्याचे लोक तिच्या गठ्ठ्याची चौकशी करतात.

तीन महिन्यांपूर्वी मालकाने लाँड्री गावाबाहेर नेली. तिकडे जागा स्वस्त आणि पाणी भरपूर. आमची मात्र पंचाईत झाली. आधी अक्का घरून दहा मिनिटांत कामावर पोचायची, आता बसने पाच टप्पे. तिचा मुलगा हिशोबाला पक्का. त्याने पहिल्याच आठवड्यात कागदावर आकडे मांडले आणि म्हणाला, "आई, निम्मी मजुरी तिकिटात जाते. कशाला ही दगदग? घरी राहा, आराम कर."

यात त्याचं काय चुकलं? काही नाही. पण अक्काला तो आराम नको होता. मला म्हणाली होती, "घरी बसले की मी आजारी. कामावर गेले की मी रफूवाली. औषधाच्या गोळ्या मी माझ्या पैशाने आणते. त्या मुलाकडे मागायला लागले की संपलंच."

कुणी म्हणेल, मग पास काढावा. आम्हीही म्हटलं. पण पास महिन्याचा, आणि अक्काचं काम नगावर. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी फाटका माल येतच नाही, मग तिला बोलावत नाहीत. पासाला त्याचं काय? शिवाय फॉर्मवर मालकाची सही लागते, आणि नगावर काम करणाऱ्यांना मालक आपली माणसं म्हणून लिहून द्यायला तयार नाही.

तेव्हा अक्काने आपली वाट काढली. पाण्याच्या टाकीपाशी तिकिटाचा टप्पा बदलतो. तिथून बस धरली तर पाचाचे दोनच टप्पे लागतात, म्हणजे तिकीट निम्म्याहून कमी. सकाळी तासभर टाकीपर्यंत चालायचं, संध्याकाळी टाकीवर उतरून पुन्हा तासभर. घरी काय सांगितलं, तर म्हणे कंपनीने गाडी दिली आहे, फुकट.

हे मला एरवी कधी कळलंही नसतं. मागच्या आठवड्यात तिची सून भाजी घेताना भेटली. मोठी गुणी मुलगी. म्हणाली, "बरं झालं हो मावशी, तुम्हाला गाडी मिळाली. आईंच्या पायांची मला फार काळजी होती." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाजीच्या पिशवीशी चाळा करत राहिले. रात्री देवापुढे हात जोडताना तेच आठवत होतं. मग तीन दिवस बसच्या खिडकीतून बघितलं, तर अक्का रस्त्याने झपाझप चाललेली. मी दोन थांबे मागून बसते आणि अक्का मागच्या बसने येते असंच धरून चालले होते, म्हणून आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी तिच्या थांब्यावर उतरून गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले.

मला पाहून ती आधी दचकली आणि मग हसली. "पकडायला आलीस?"

"कंपनीची गाडी बघायला आले. बरीच हळू चालते म्हणे."

"गाडीची दोन्ही चाकं जुनी आहेत बाई," ती म्हणाली आणि एका पायरीवर बसून चपला बदलायला लागली. पिशवीत तळ झिजलेले जुने कापडी बूट होते. घरच्या चपला तिने कागदात गुंडाळून त्यांच्या जागी ठेवल्या. गाडीने जाणाऱ्या बाईच्या चपला दोन महिन्यांत कशा झिजतील, हा तिचा विचार. एवढं डोकं मालकाने चालवलं असतं तर आज त्याच्या चार लाँड्र्या असत्या.

पण मला हसू येईना, कारण अक्काला साखर आहे. सात वर्षं झाली. तळपाय बधिर झाले आहेत. "गादीवरून चालल्यासारखं वाटतं," ती सांगते. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज तळवे बघायचे. स्वतःला वाकून दिसत नसतील तर कुणाला तरी बघायला लावायचं. सून रोज संध्याकाळी मोबाइलचा उजेड पाडून बघायची. अक्का तिला म्हणायची, "झाला का पंचनामा?"

"आता बघते का ती?" चालता चालता मी विचारलं.

अक्का म्हणाली, "नाही. मीच सांगते, आंघोळीला बघितलं म्हणून. घट्टे पडलेत ना. ते बघून तिला एका मिनिटात कळेल मी कुठल्या गाडीने जाते."

"मग तू बघतेस?"

"दिसत नाही गं. पोट आड येतं."

हे ती हसत म्हणाली. म्हणजे तीन महिने तिच्या तळव्यांकडे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

शेवटी पूल आला. कडेची वाट एका माणसापुरती, म्हणून मी मागे झाले. नाल्यावरून गार वारा येत होता. अक्का पुढून, माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"काल माझी एक चादर परत आली."

"कुणी पाठवली?"

"दवाखान्याने. मधोमध विरलेली होती. मी दोनदा हात फिरवला होता तिच्यावरून. डॉक्टर म्हणाले होते, आधी पाय जातात, मग हात. रात्री अंथरुणात मी पदराची किनार चाचपून बघते. कळते अजून. म्हणजे मला वाटतं, कळते."

मी काहीतरी धीर देणार होते. तोंड उघडलं आणि नजर खाली गेली. सिमेंट कोरडं ठणठणीत होतं. अक्का उजवा पाय उचलायची तिथे टाचेच्या जागी एक काळपट ओला ठसा राहायचा. रुपयाएवढा. पुढच्या पावलाला पुन्हा तेवढाच. मी मागे वळून पाहिलं, तर पुलाच्या तोंडापासून ते ठसे आमच्या मागोमाग आले होते.

मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"अक्का, पाय दुखतोय का गं?"

"दुखला असता तर काय हवं होतं," ती म्हणाली आणि चालत राहिली.

टाकीच्या थांब्यावर सिमेंटचा बाक होता. अक्का त्यावर बसली आणि तिने आम्ही आलो त्या वाटेकडे बघितलं. तिला ठसे दिसले की नाही, मला सांगता येणार नाही. तिने उजवा पाय डाव्या पायामागे ओढून घेतला.

बस आली. साडेसातच्या आत हजेरी लावली नाही तर रफूचा गठ्ठा दुसरीकडे जातो. हे अक्काच सगळ्यांना घोकून घोकून सांगते. याही बसच्या कंडक्टरला अक्काचा रुसवा ठाऊक होता. त्याने दारातून वाकून विचारलं, "काय अक्का, आज टाकीवरही रुसवा?"

"आज जा तू पुढे," ती म्हणाली.

बस गेली. तीन महिन्यांत अक्काने टाकीवरची बस सोडल्याचं कुणी पाहिलं नसेल. पुढची वीस मिनिटांनी. मी तिच्या बाजूला बसले, पण बसवेना. उठून समोर उभी राहिले.

ती खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ बसली होती. चादरीतला एक-एक धागा उचलणारी ती बोटं त्या गाठीवरून दोनदा घसरली. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला आणि शेवटी स्वतःच गाठ सोडवली. बूट काढला नाही, पायातच राहू दिला.

"तू देवाधर्माची आहेस," ती म्हणाली. "सुनेशी तू खोटं बोलली नाहीस ना? तिने मला सांगितलं, मावशी काही बोलल्याच नाहीत. तेव्हाच मी ओळखलं की तू येणार."

"अक्का, दवाखान्यात जाऊ या. रिक्षा बघते."

"थांब. आधी ऐक." तिने माझं मनगट धरलं. हात गार पडला होता, पण पकड घट्ट. "दवाखान्यात नेलं की ते आधी मुलाला फोन करतील. त्याच्याआधी मला कळू दे. मी डोळे मिटते. तू बूट काढ, मोजा काढ आणि तळवा बघ. नीट बघ, बोटांच्या मधेसुद्धा. आणि जे दिसेल ते मला जसंच्या तसं सांग. माझं मन राखायला काही बोलू नकोस."