दुसरी किल्ली

निवृत्त पोलिसाला लोक खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मी त्या सांगतोही. पण एकटा बसलो की मला आठवते ती मोशीतली एक साधी गाडीचोरी. त्यात ना कुणाला बेड्या पडल्या, ना कुणी कोर्टात उभं राहिलं. तरी माझ्या नोकरीतला सगळ्यात समाधानाचा तपास कोणता, असं विचाराल तर मी त्याच गाडीचं नाव घेईन.

रविवारची सकाळ होती. रविवारी ठाण्यात शनिवारच्या भांडणांची उरलेली मंडळी बसलेली असतात. त्यांच्यातून वाट काढत चाळिशीचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी माझ्या टेबलापाशी आले. गृहस्थ चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर, बाई खासगी शाळेत शिक्षिका. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमधून त्यांची पांढरी मोठी गाडी, मागच्या काचेवर मुलीचं नाव लिहिलेली, चोरीला गेली होती. हे गाडी पुसायला खाली उतरले, तर जागेवर फक्त कव्हर, तेही घडी घालून ठेवलेलं.

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत कव्हरची घडी घालणारा चोर मला भेटला नव्हता.

"गाडीवर कर्ज आहे?" मी विचारलं.

"आहे."

"हप्ते वेळेवर?"

"थोडं मागेपुढे झालंय," असं म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या.

तळघरातला कॅमेरा बंद होता, तो बहुतेक सोसायट्यांत बंदच असतो. गेटच्या कॅमेऱ्यात मात्र गाडी आदल्या दिवशी भरदुपारी अगदी निवांत बाहेर पडताना दिसली, चालवणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसत नव्हता. काच फोडलेली नाही, लॉक तोडलेलं नाही. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. कर्ज थकलंय, मालकानेच गाडी कुठेतरी नेऊन लावली आणि आता विम्याचे पैसे घ्यायला निघालाय. असले महाभाग मी पुष्कळ पाहिले होते. गुन्हा नोंदवून घेतला आणि चौकशीला सुरुवात केली ती फिर्यादीपासूनच.

"कंपनीत कसे जाता?"

"कंपनीच्या बसने."

"मॅडमची शाळा?"

"चालत जाण्यासारखी आहे."

"मग एवढी मोठी गाडी कशाला घेतलीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "साडूने तशीच घेतली होती, साहेब." आणि स्वतःच कसनुसं हसले.

हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. गाडीचा हप्ता भरायला मोबाईलवरून छोटं कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं, त्याच्यासाठी तिसरं. पगार जमा झाला की संध्याकाळपर्यंत खातं रिकामं व्हायचं. घरी मात्र हे "सगळं व्यवस्थित आहे" एवढंच सांगायचे.

मी म्हणालो, "गाडीच्या दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवा."

विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. लबाड मालकाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो येतानाच दोन्ही खिशात घालून येतो. यांनी एकच काढली. दुसरी घरी कपाटात आहे म्हणाले. हवालदारांना सोबत देऊन घरी पाठवलं, तर थोड्याच वेळात परत आले. किल्ली जागेवर नव्हती. सगळी कपाटं उपसली, तिथेच ठेवली होती, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. खोटं बोलणारा माणूस घाबरतो, पण असा बावचळत नाही. त्यांच्यावरचा माझा संशय तिथेच संपला. किल्ली घरातूनच कुणीतरी काढली होती, आणि या सगळ्या वेळात बाई एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

गाडीचं वर्णन मी आमच्या खबऱ्यांनाही दिलं होतं. दुपारी त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. तळवड्याला त्याची चहाची टपरी होती.

"साहेब, मोशीची पांढरी गाडी हुडकताय न्हवं? मागल्या काचंवर पोरीचं नाव हाय, ती? अवो, ती चोरीची न्हाई. हितं हप्तेवाल्यांच्या यार्डात उभी हाय कालधरनं. आणणारा ड्रायव्हर माझ्याकडंच च्या प्याला."

कर्ज देणाऱ्या कंपनीच्या त्या यार्डातल्या व्यवस्थापकाला मी जरा झापलंच. गाडी उचलली तर पोलिसांना कळवायचं असतं. त्याने कळवलं होतं, पण शेजारच्या ठाण्याला. हद्दीचा हा घोळ आमच्या भागात नेहमीचाच होता. मग तो म्हणाला, "आम्ही ओढून आणली नाही, साहेब. मॅडमनीच फोन करून बोलावलं. कर्जात त्यांचंही नाव आहे."

ठाण्यात परत आल्यावर गृहस्थांना बाहेर बसवलं आणि महिला अंमलदारासमोर बाईंशी बोललो. फार विचारावं लागलं नाही.

"मीच दिली किल्ली," त्या म्हणाल्या. "कव्हरची घडीही मीच घातली. काल रात्रीच सांगणार होते. पण काल ते कितीतरी दिवसांनी नीट जेवले. माझ्याच्याने बोलवलं नाही. सकाळी मी उठायच्या आत ते खाली गेले आणि आरडाओरडा झाला. सगळ्या सोसायटीसमोर काय सांगणार होते मी?"

"पण त्यांना न विचारता का दिलीत?"

"विचारलं की म्हणतात, सगळं व्यवस्थित आहे. वसुलीवाले माझ्या शाळेत फोन करतात, साहेब, तरी म्हणतात व्यवस्थित आहे. रात्री उठतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. तासन्‌तास." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो."

त्या बाईंचं मला मनापासून कौतुक वाटलं.

"त्यांना मी सांगू का?"

"नको, मी सांगते. तुम्ही फक्त समोर बसा."

गृहस्थांना आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "अहो, गाडी चोरीला गेली नाही. मी परत दिली. तुमचा मोबाईल मी पाहिलाय, सगळी कर्जं मला माहीत आहेत."

अशा क्षणी माणूस काय करील याचा नेम नसतो, म्हणून मी खुर्ची थोडी मागे सरकवून ठेवली होती. पण त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे सगळं माहीत आहे तुला?"

"हो."

"शेवटचं, मागच्या महिन्यातलं, तेही?"

"तेही. ते आधी फेडू."

गुन्ह्याची मी 'सी समरी', म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल, कोर्टाला पाठवली. तक्रार खोटी नव्हती, गैरसमजातून झाली होती, असा त्याचा अर्थ. कर्ज काही त्या दिवशी फिटलं नाही. गाडी विकूनही देणं उरणारच होतं, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. मी स्वतः मात्र त्यानंतर एक सवय लावून घेतली. कर्जापायी अडचणीत आलेला माणूस ठाण्यात आला की देणं किती, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, घरात कुणाला माहीत आहे? बहुतेक जण या प्रश्नाला मान खाली घालत. मग मी घरच्यांना बोलावून घ्यायचो, आणि निम्मं काम तिथेच व्हायचं.

त्या दिवशी जबाब टाइप व्हायला वेळ लागला. सह्या घ्यायला हवालदार बाहेर गेले आणि तसेच परत आले. मी उठून पाहिलं. बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, गृहस्थ भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. शेजारी बाई त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी आत येऊन वायरलेसचा आवाज कमी करायला सांगितला.