एकुलती एक भंगारवाली

गल्लीत त्यांना सगळे काटकोनकाका म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. पेशाने बाइंडर. वह्या, रजिस्टरं आणि जाडजूड ग्रंथ शिवण्यात, चिकटवण्यात, कापण्यात पस्तीस वर्षं गेलेली. वाकडं म्हणून काही त्यांना बघवायचं नाही. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरची फ्रेम आधी सरळ करणार, मग बूड टेकणार. कागदांचा गठ्ठा हातात आला की टेबलावर चारी बाजूंनी ठोकणार, कडेवरून अंगठा फिरवणार, एखादा कागद केसभर बाहेर डोकावला तर ओढून सगळ्यात वर ठेवणार. हे सगळं गप्पा मारता मारता, नजर तिसरीकडेच. हात काय करतायत याचा त्यांना पत्ताच नसायचा.

एवढा सरळ माणूस, पण स्वतःच्या लेकीशी मात्र दोन वर्षं वाकड्यात. झालं असं, की मुलीने विमा कंपनीतली पक्की नोकरी सोडली. का, तर म्हणे खेळ तयार करायचे. मैदानावरचे नव्हेत, टेबलाभोवती बसून खेळायचे, पत्त्यांचे. काका जेवता जेवता म्हणाले, “पत्ते कुटून कोणाचं पोट भरलंय?” एवढंच म्हणाले, पण ते तिच्या काळजात रुतून बसलं. भांडली असती तर परवडलं असतं. भांडली नाही. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं “पाणी आलंय”, “दार लावून घ्या” आणि “आई कुठंय?” एवढ्यावर येऊन ठेपलं.

मग यंदा तिचा एक खेळ तयार झाला. एका प्रकाशकाने बघायचं कबूल केलं, महिनाअखेरपर्यंत पाठवा म्हणाला. तिने पत्ते छापून, कापून आणले बाहेरून. एक रुंद, एक अरुंद, एकाचा कोपरा तिरका. काकू कडाडल्या, “घरात बाइंडर असताना बाहेर कापून आणतेस? लोक तोंडात शेण घालतील.” मुलीने नवे छापील कागद मुकाट्याने काकांच्या दुकानात नेऊन ठेवले, काकांनी ते मुकाट्याने कापले. एकशे बत्तीस पत्ते, एकासारखा एक. खेळायला तीन माणसं लागत होती, घरात तीनच होती. दुकान बंद करून आले की काका रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसू लागले. उपकार केल्यासारखा चेहरा करून, हे सांगायला नकोच.

खेळ सोपा होता. घर लावायचं. प्रत्येकाला सुरुवातीला दहा पत्ते, सात चिल्लर नाण्यांचे, तीन मोडक्या खुर्च्यांचे. आपल्या गड्डीतले पाच उचलायचे, जी नाणी आली असतील त्यांनी मधल्या बाजारातून कपाट, दिवा, आरसा, नाहीतर मोठी नोट, काय परवडेल ते घ्यायचं, आणि जुने-नवे सगळे बाजूला टाकायचे. गड्डी संपली की बाजूला टाकलेले पिसायचे, परत पाच उचलायचे. घेतलेली चांगली वस्तू अशी फिरून फिरून हातात येते. पण मोडक्या खुर्च्याही येतात, आणि जागा अडवण्यापलीकडे काडीचं काम करत नाहीत. शेवटी ज्याच्या घराचे गुण जास्त, तो जिंकला.

बाजारात एक पत्ता असा होता की त्याला कुत्रं विचारत नव्हतं. भंगारवाली. अख्ख्या खेळात एकुलती एक. गुण शून्य. ती हातात आली की हातातला कुठलाही एक पत्ता कायमचा खेळाबाहेर काढता येतो, बस्स. पहिला आठवडाभर काका रोज हरले, आणि हरता हरता तिच्याकडे बघत राहिले. एकदा तर तिला शर्टाच्या खिशात घालून दुकानात घेऊन गेले आणि डबा खाताना समोर ठेवून विचार करत बसले.

पुढच्या सोमवारपासून काका जिंकायला लागले. एकदा नाही, दोनदा नाही, पंधरापैकी चौदा डाव. मुलीचे डोळेच विस्फारले.

“बाबा, कसं काय जमतं हे?”

दोन वर्षांत तिने त्यांना विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. काकांनी घसा खाकरला. “हे बघ, तुम्ही लोक घर भरत सुटता. मी आधी रिकामं करतो. पहिल्या संधीला भंगारवाली घ्यायची. आधी खुर्च्या घालवायच्या. मग चिल्लर, पण मोठी नोट हातात आल्याशिवाय चिल्लरीला हात लावायचा नाही, नाहीतर बाजारात नुसतं बघत बसायची पाळी येते. आणि टाकण्यासारखं काही उरलंच नाही की...”

“की काय?”

“तिलाच टाकायचं. काम संपलेली भंगारवाली म्हणजे चौथी मोडकी खुर्ची.”

“थांबा, परत सांगा,” मुलगी म्हणाली आणि वही ओढून लिहायला लागली. त्या ‘परत सांगा’ने काका जे फुगले, ते आठवडाभर खाली आलेच नाहीत. रोज संध्याकाळी ती समोर वही घेऊन बसायची, हा पत्ता का टाकलात, तो का ठेवलात, विचारायची. लाडाने उस्ताद म्हणायची. काकांना दुकानात दुपारपासूनच घराचे वेध लागायचे.

तेवढ्यात काकूंनीही भंगारवाली घेऊन बघितली. सहापैकी दोनच डाव जिंकल्या. “आई, तुझं लक्ष नसतं,” मुलगी म्हणाली.

“माझं? शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्या सांभाळल्या मी जन्मभर, एक फुटू दिली नाही. आणि म्हणे लक्ष नसतं.” काकू तणतणत चहा टाकायला गेल्या.

बुधवारी मुलीने वही मिटली. “हा पत्ता काढावा लागणार. त्या एकावर कोणी दर वेळी जिंकत असेल तर तो खेळच नाही.” पत्ता काढून एक डाव खेळून बघितला. खुर्च्या कोणाच्याच घरातून हलेनात. दीड तास रखडला खेळ, काकू जांभया देऊन थकल्या. नवं काही जुळवायचं तर तीस पत्ते बदलावे लागले असते, आणि हातात दिवस उरले होते चार. मुलीने पत्ते गोळा केले. मग म्हणाली, “जाऊ दे. नाही पाठवत. जुन्या साहेबांचा फोन आला होता, जागा आहे म्हणाले.”

दोन वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकून काकांनी गल्लीत पेढे वाटले असते. आता मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळे पत्ते दुकानात घेऊन गेले. पाठवायचा असो नसो, खेळाला एक झकास पेटी करून द्यायची असं मनाशी ठरवलं होतं. माप घ्यायला सगळी चवड हातात घेतली, ठोकली, अंगठा फिरवला, एक पत्ता बाहेर डोकावत होता तो ओढून वर ठेवला. आणि वर बघतात तर भंगारवाली.

काकांनी तिला चवडीच्या मधोमध घातलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पुन्हा ठोकलं. हाताने तिलाच काढून वर ठेवलं. तिसऱ्यांदाही तेच.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पहिल्या आठवड्यात पत्त्यांच्या कडा फुटल्या होत्या, म्हणून त्यांनी कोणाला न सांगता सगळी चवड दुकानात आणून कापायच्या मशीनखाली धरून जरा छाटली होती. सगळी, म्हणजे एक सोडून. एक त्या दिवशी शर्टाच्या खिशात होती. अर्धा मिलिमीटर मोठी राहिली बाई, आणि तेव्हापासून काकांचा हात प्रत्येक पिसणीनंतर तिला शोधून गड्डीच्या माथ्यावर बसवत होता. दर वेळी पहिल्या पाचांत ती हजर. कसला डाव आणि कसला उस्ताद.

मशीन समोरच होतं. एक दाब दिला की काम तमाम, कोणाला कळलंही नसतं. पण वहीत चौदा विजय लिहिलेले होते, आणि मुलगी त्या वहीवर विश्वास ठेवून नोकरीला निघाली होती. खरं सांगितलं तर खेळ वाचणार, उस्ताद मरणार. उस्ताद गेला की वही बंद, आणि वही बंद झाली की परत आपलं ‘पाणी आलंय’. काका स्टुलावर बसून राहिले. वाईट याचं वाटत होतं की क्षणभर का होईना, गप्प बसावं असं त्यांना वाटलं होतं.

भर दुपारी दुकानाला कुलूप लावून ते घरी आले.

“मी जिंकत नव्हतो,” ते मुलीला म्हणाले. “माझी खोड जिंकत होती. तुझा पत्ता चांगला आहे. कापण्यात चूक केली ती मी.” आणि त्यांनी तिला पिसून दाखवलं. तिने भंगारवाली कुठेही घालावी, काकांनी बोलता बोलता पिसावं, ती वर. पाच वेळा.

काकू दारातून बघत होत्या. “आता बोल, कोणाचं लक्ष नसतं ते.”

मुलगी हसली नाही. चप्पल घालून म्हणाली, “चला, दुकानात चला.” नोकरी सोडल्यापासून मोकळेपणी ती दुकानात आलीच नव्हती. काकांनी भंगारवाली छाटली, तिने अंगठा फिरवून खात्री केली, आणि पुठ्ठ्यांचे गठ्ठे बाजूला सारून दोघं तिथेच खेळायला बसली, तिसऱ्याचे पत्तेही मुलीनेच खेळायचे असं ठरवून. सहा डाव झाले. सहाही डावांत भंगारवाली काकांनीच घेतली. एक जिंकले, पाच हरले.

“झालं तुझं काम,” काका उठले आणि खाली पडलेली कात्रणं झाडायला लागले. “पाठवून दे उद्या. भंगारवालीला काढू नकोस.”

“बसा,” मुलगी म्हणाली. वही उघडीच होती. “पहिल्या डावात कुठे अडकलात?”

“आता मला काय विचारतेस? हरलो ना मी.”

“म्हणून तर विचारतेय. जिंकत होतात तेव्हा नुसतं कौतुक सांगत होतात स्वतःचं. त्यातनं मला काय कळणार? कंटाळा कुठे आला, राग कुठे आला, ते सांगा.”

काका झाडू घेऊन तसेच उभे राहिले. मग झाडू ठेवला आणि बसले. पहिल्या डावात चिल्लर घाईने टाकली, दुसऱ्यात भंगारवाली आली तेव्हा हातात सगळंच चांगलं होतं आणि आरसा टाकताना जिवावर आलं, तिसऱ्यात तर ती गड्डीच्या तळाशीच दडून बसली. सांगता सांगता त्यांना एकेक आठवत गेलं. मुलगी मध्येच अडवायची, वाद घालायची, एकदा तर दोघांचा आवाज चढला. अजून तिसऱ्याच डावाचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात फोन वाजला. काकू विचारत होत्या, जेवायला येताय की नाही.

“तू घे वाढून,” काका म्हणाले. “आम्ही बोलतोय.”