पास्कूमामांचा उलटा हात

पास्कूमामा कुठल्याही वस्तूला आधी हाताच्या पाठीने शिवायचे. चहाचा ग्लास असो, लोखंडी फाटक असो, शेजारच्या पोरीचं तापलेलं कपाळ असो, नाहीतर बाजारातून आणलेली कोंबडी असो. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेल्या लाइनमनची ती सवय. तारेत वीज असली तर हाताची मूठ आपोआप मिटते. तळहाताने शिवलात तर तार घट्ट धरली जाते, पाठीने शिवलात तर हात मागे फेकला जातो. हे कोणी करून बघू नये, असंही ते लगेच सांगायचे, आणि स्वतः करायचे.

मला हे त्यांनी वाडीच्या रस्त्याच्या लढ्यातल्या पहिल्याच भेटीत सांगितलं. मी त्यांच्या दारात आमचं पत्रक घेऊन उभी होते. त्यांनी पत्रक आधी उलट्या हाताने चाचपलं, मग चष्मा लावून चारही पानं वाचली आणि म्हणाले, "लायनी खूप घातलंस गो बाय. पण लाईट खंय आसा ह्येच्यात?"

मला राग आला. ते पत्रक लिहायला मी दोन रात्री घालवल्या होत्या.

प्रकरण असं होतं. मालवणच्या दक्षिणेला आमची वाडी किनाऱ्याला चिकटून आहे, आणि वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत यायला एकच पाणंद आहे. शाळेची पोरं तिथून जातात, मासळीच्या पाट्या तिथून जातात, आजारी माणूस खुर्चीत बसवून तिथूनच नेतात. दोन्ही बाजूंची जमीन कोणीतरी विकत घेतली. कोणी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सही नेहमी वकिलाची असायची. वकिलाने तहसील कार्यालयात अर्ज दिला, की किनाऱ्यावरून माणसांनी दोर धरून ओढायची मोठी जाळी, म्हणजे रापण, इथे आता ओढली जात नाही, मासळीची वाहतूक नाही, सबब ही पाणंद वहिवाटीची नसून बंद करण्यास हरकत नसावी. अर्ज मंजूर व्हायच्या आधीच फाटकासाठी खड्डेसुद्धा खणून झाले. मोठ्या जाळ्यांच्या बोटी रात्री झगझगीत दिवे लावून मासे उपसून नेतात म्हणून रापण कमी झाली, हे खरं. पण कमी होणं म्हणजे बंद होणं नव्हे. एकाने आमच्या ताटातला अर्धा भात काढून घेतला, आणि दुसरा सांगायला आला की तुम्ही जेवतच नाही!

पास्कूमामांचं सगळं जग 'लायन' या एका शब्दावर चालायचं. विजेची ती लायन होतीच. पण रेशनच्या दुकानात लायन, देवगडला जाणारी एसटी ती देवगड लायन, फोनला रेंज नसली की "लायन गावना नाय". धाकट्या भावाने हॉटेल काढलं तेव्हा "तेची लायन वेगळी". चर्चच्या गायकवृंदात ते मागे उभे राहून गायचे आणि दुसऱ्या ओळीला नेमाने चुकायचे, मग म्हणायचे, "पयल्या लायनीत सूर सापाडता, दुसरेत फेज जाता." गावातला एक तरुण रोज संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी उभा राहायचा. त्याला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "लायन मारतंस मां? मगे खांबार चढाक शीक." पाणंद म्हणजे त्यांच्या भाषेत मेन लायन. ती तुटली की वाडी बंद.

माझ्या पत्रकात चौदा मागण्या होत्या. त्यांनी पेन्सिल घेऊन तेरा कापल्या.

"मामा, पर्यावरणाचा मुद्दा कित्याक काढलास?"

"दोन लायनी एकमेकीक लागल्यो काय ठिणगी पडता. आणि ठिणगी पडली काय गावाक अंधार. एकच ओढ, पण ताणून ओढ."

मी त्यांना म्हाताऱ्या विचारांचे म्हणाले. तोंडावर. त्यांनी मला सोलकढी दिली.

तहसील कार्यालयातून पाहणीला अधिकारी मॅडम येणार असं कळलं तेव्हा मी फलक रंगवले, घोषणा तयार केल्या. पास्कूमामा तांडेलाकडे, म्हणजे आमच्या रापण संघाच्या प्रमुखाकडे गेले आणि एवढंच म्हणाले, "त्या दिवशी रापण घाल." होडी पहाटे सुटली, जाळं समुद्रात गोल फिरवून दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावर आणले. मॅडम आल्या तेव्हा बाया-बाप्ये दोन रांगा करून दोर खेचत होते. मी निवेदन घेऊन पुढे झाले. मॅडमनी ते न वाचताच ड्रायव्हरकडे दिलं.

पास्कूमामा दोर न सोडता कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "मॅडम, लायनीत या. लांबून पाहणी होत नाही."

मॅडमनी क्षणभर इकडेतिकडे बघितलं. मग चपला काढल्या, पदर खोचला आणि दोर धरला. ड्रायव्हरनेही धरला, मॅडम ओढत असताना त्याला नुसतं उभं राहता येईना. पास्कूमामांनी मॅडमच्या हाताकडे बघितलं. "तळव्यान धरल्यान," ते माझ्या कानात म्हणाले. "बाई बरी आसा."

जाळं आलं. तारली पुष्कळ, बांगडे थोडे. वाळूवर वाटे पडले. आमच्याकडे नियम असा, की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. तो कुठला, कोण, हे विचारायचं नाही. तांडेलाने मॅडमपुढे आणि ड्रायव्हरपुढे एकेक वाटा ठेवला.

"मी ड्यूटीवर आहे. मला चालणार नाही."

"चालणार नाही कसा?" तांडेल घाबराघुबरा होऊन अर्ध्या कचेरीच्या मराठीत म्हणाला. "हात लावलात तुम्ही. वाटो परत दिलात तर रापणीक बरा नाय."

तिढा ड्रायव्हरने सोडवला. त्याने दोन्ही वाटे पिशवीत भरले आणि पिशवी गाडीत ठेवली.

वकिलाचा माणूस बाजूला उभा राहून सगळ्याचे फोटो काढत होता. मी पास्कूमामांना बाजूला ओढलं. "उद्या ते म्हणतील, अधिकाऱ्याला मासळीची लाच दिली!"

"म्हणांदेत," ते म्हणाले. "फक्त तोंडान म्हणू नयेत. लिवन म्हणांदेत."

वकिलाने लिहून म्हटलं. तीन पानं, सोबत फोटो. पाहणीच्या दिवशी रापणकऱ्यांनी स्थानिक प्रथेप्रमाणे मासळीचे वाटे केले, सदर अधिकाऱ्यांनी स्वतः दोर ओढून आपला वाटा स्वीकारला, व उर्वरित मासळी महिलांनी पाणंदीने रस्त्याकडे नेली. फोटोत सगळं स्वच्छ दिसत होतं. दोर, जाळं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, पाणंद. आमच्या वाडीत कोणाला इतके चांगले फोटो काढता आले नसते.

मी सहा पानी उत्तर लिहायला बसले. सरंजामी, भांडवलशाही, सगळे शब्द हाताशी होते. पास्कूमामांनी वकिलाच्या कागदावर उलटा हात फिरवला.

"एक लायन लिव," ते म्हणाले. आणि सांगितली. मी लिहिली: सोबत समोरच्या पक्षाची तक्रार जोडली आहे, पाणंदीच्या वापराबद्दल तिच्यात लिहिलेलं सर्व आम्हाला मान्य आहे.

खाली वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या. त्याखाली काही नाही. मला एक तरी उद्गारचिन्ह हवं होतं. तेही दिलं नाही.

मॅडमना मात्र ती पिशवी भोवली. त्यांची चौकशी लागली, खुलासा मागवला, आणि प्रकरण दुसऱ्या साहेबांकडे गेलं. दोर ओढल्याबद्दल सरकारी नोकराला शिक्षा कशी होते, यावर मी आणखी एक पत्रक काढणार होते. पास्कूमामांनी ते होऊ दिलं नाही. पण स्वतः तालुक्याला जाऊन चौकशीत जबाब दिला, की वाटा देणं ही मेहरबानी नव्हे आणि घेणं हा लोभ नव्हे. चौकशी मिटली. मॅडम पुढच्या रापणीला स्वतःच्या सुट्टीत आल्या.

पाणंद उघडी ठेवण्याचा हुकूम आला, आणि पंधरा दिवसांत पास्कूमामा गेले. झोपेत. चर्च रस्त्यापलीकडे आहे, तेव्हा शवपेटी पाणंदीनेच न्यावी लागली. फाटकासाठी खणलेले दोन खड्डे अजून बुजवले नव्हते. त्यांच्या मधून खांदेकरी जपून गेले. रापण त्या दिवशी बंद होती, पण मागून चालणारी माणसं आपोआप दोन रांगांत चालत होती. कोणी सांगितलं नव्हतं.

चर्चमध्ये झाकण लावण्याआधी शेवटचं दर्शन घ्यायला मी वाकले. मी तळहात त्यांच्या कपाळाकडे नेला आणि वाटेत तो आपोआप उलटा झाला. हाताची पाठ कपाळावर टेकली. बराच वेळ ठेवली. हात मागे फेकला गेला नाही.