हौदातले गप्पी

माझं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. हिवतापानं गेलं, असं दवाखान्यात सांगितलं. तेव्हापासून मी खुर्सीपारच्या त्या झोपड्यांवर जी चिडले, ती आजही चिडलेलीच आहे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. त्यासाठी जिकडेतिकडे खड्डे खणून ठेवलेले, खड्ड्यांत पाणी आणि पाण्यावर डास. नवरा खलाशी होता, लोखंडाचे गर्डर दोरखंडानं वर चढवणाऱ्या टोळीत. तो म्हणायचा, "देश घडून राहिला." मी म्हणायचे, "घडू दे ना, पण माहं लेकरू कावून खाल्लं त्यानं?" यावर तो गमछा खांद्यावर टाकून कामाला निघायचा.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात आनंद कुणी बोलून दाखवला नाही. सासूबाई वैनगंगेकाठच्या आमच्या गावाहून मुद्दाम माझ्यासाठी येऊन राहिल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनीच घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. त्यामुळे आता नवस बोलायचा तर कुणापुढे, हाही प्रश्नच होता.

झोपड्यांच्या आमच्या ओळीला एकच सिमेंटचा हौद होता. उन्हाळा संपता संपता मलेरिया खात्याचा माणूस डबा घेऊन आला आणि त्यानं हौदात बोटाच्या पेराएवढे मासे सोडले. गप्पी म्हणे. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा उष्ण बेटांवरची त्यांची जात, डासांच्या अळ्या खाऊन फस्त करते. "आणि बाई, हे अंडी नाही घालत," तो म्हणाला, "थेट जिती पिल्लं देतात." मी पोटावर हात ठेवून उभी होते. त्याचं ते वाक्य मनात घर करून बसलं.

आत्याबाईंचा त्या हौदावर फार जीव. गावात आम्हाला विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. खाली घागर धरून उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. इथं त्या आपल्या हातानं बादली बुडवत आणि उगाचच दोनदा बुडवत. हौदाजवळ कुणी भांडी घासली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

म्हणून आषाढी पौर्णिमेच्या आधी त्यांनी हौद धुवायला काढला. ओळीतल्या बायका जमवल्या, पाणी उपसलं, मासे मात्र जपून घमेल्यात काढून ठेवले. हौद आतून घासून पांढराशुभ्र चुना मारला, जसा सणाला घराला मारतात तसा. पाण्याविना ओळ खोळंबली होती, तेव्हा संध्याकाळीच हौद भरला आणि मासे परत सोडले. सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते. चुना ओला होता. तो पाण्यात उतरला आणि मासे जळाले.

मलेरियावाला लवकर फिरकला नाही. हौदात अळ्या वळवळू लागल्या, पुढं घरोघर ताप आला आणि एका दुपारी मलाही हुडहुडी भरली. गोधडीवर गोधडी घातली तरी दात वाजत होते. मला कळून चुकलं, हे तेच आहे. दवाखान्यातून कडू गोळ्या दिल्या. शेजारीण म्हणाली, त्या गोळ्यांनी पोट पडतं. डॉक्टर म्हणाले, नाही घेतल्या तर दोघंही जाल. मी रडत रडत गिळल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. पोटातली हालचाल मंद होत गेली आणि मी दिवसभर तेवढंच चाचपत पडून राहू लागले.

ती शेजारीण शेतकरी घरातली, मनानं चांगली. तिनं भिंतीला जिवतीचा कागद चिकटवला होता. लेकरंबाळं राखणारी देवी ती. एकदा तिच्या दाराकडे बघत आत्याबाई मला म्हणाल्या, "तुले तिथं हात जोडाचे असन तर जाय पोरी. मी काही म्हनत नाही."

देव नदीत सोडणारी बाई हे बोलली तेव्हा माझं अवसानच गळालं. मी गेले नाही. निष्ठा म्हणून नव्हे, मला उठताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई उन्हातान्हात पायी कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर सहाकडे गेल्या. तिथं मलेरियावाल्याचं माशांचं टाकं होतं. त्याच्या हातापाया पडून डालड्याच्या डब्यात थोडे गप्पी आणले आणि आमच्या दारातल्या ड्रममध्ये सोडले. त्यात एक मादी होती, पोट टम्म फुगलेलं, शेपटीकडे काळा डाग. पिल्लं झाली की हे मासे आपलीच पिल्लं खातात म्हणे, म्हणून आत्याबाईंनी पिल्लांना लपायला पाण्यात शेवाळही टाकलं. मी ड्रमला टेकून बसायचे आणि तिच्याकडे बघायचे. देव नव्हता, तेव्हा मी तिच्यावरच भिस्त ठेवली. ही सुखरूप सुटली तर मीही सुटेन. कुणाला सांगितलं नाही, वेडी म्हणाले असते.

कळा वेळेआधीच आल्या. मुलगी झाली. डोक्यावर भरपूर केस होते. रडली नाही. नवऱ्यानं तिला आपल्या गमछ्यात गुंडाळून नेलं.

दवाखान्यातून घरी आले तर ड्रमवर परात पालथी घातलेली, वर वीट.

"कावून झाकलं?" मी विचारलं.

"कचरा पडते," आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी वीट खाली टाकली आणि परात उचलली. शेवाळात डोळ्यांचे बारीक काळे ठिपके घेऊन इवलीइवली पिल्लं पळत होती. पुष्कळ. सगळी जिती. मला त्या मादीला मुठीत चिरडावंसं वाटलं.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. "माह्या हातानं झालं व. त्या चुन्यानं. तुह्या लेकराले मीच..."

होय म्हणावंसं मला वाटलं, फार वाटलं. पण दोनदा बुडणारी ती बादली डोळ्यांपुढे आली. मी त्यांच्याशेजारी भुईवर बसून राहिले. दोघीही रडलो.

मग डालड्याचा तोच डबा घेऊन आम्ही पिल्लं उपसली आणि हौदात नेऊन सोडली, चुना आता कधीच निवळला होता. शेजारणीला पाचवा महिना लागला होता.