हर्बेरियमच्या वीस पेंढ्या

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारे, स्लाईडी मांडून देणारे, सगळ्या कॉलेजाचे मामा नसते, तर माझ्या नावापुढं बी.एस्सी. लागलं नसतं. हे आधी सांगतो, म्हणजे राहून जाणार नाही.

आठवीत शाळा सुटली, कारण आई-बापासंगं ऊसतोडीला गेलो. तीन हंगाम कोयता चालवला. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, आष्टीत बारावी, आणि बीडच्या कॉलेजात आलो तोवर वर्गातली पोरं मला काका म्हणण्याइतका थोराड झालो होतो. घरात ठरलं होतं, पहिलं वर्ष अडकलं तर परत कोयता. म्हणून पदवीला काय काय लागतं त्याची यादी मी खोलीच्या दारामागं चिकटवली होती. सगळे पेपर, हजेरी, पर्यावरणाचा प्रकल्प, प्रात्यक्षिकं, सही झालेलं जर्नल. बाहेर पडताना वाचायचो, परत आलो की वाचायचो.

दिवाळीनंतर वडिलांची कंबर धरली. आईच्या जोडीला कुणी नव्हतं, म्हणून मी दोन आठवडे फडात गेलो. तिथं वर्गातल्या एकाचा फोन आला. "काका, हर्बेरियम द्यायचंय. वीस वनस्पती, मुळासकट उपटून वाळवून आणा." मी विचारलं, "आणखी काय?" तोवर रेंज गेली.

वाळवायचं मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. जन्म चाऱ्यात गेलेला. बांधावरची वीस जातीची झाडं उपटली, पसरली, दुपारी उलटली. बुडखे एकीकडं, शेंडे एकीकडं, प्रत्येक जातीची सुतळीनं आवळलेली एकेक पेंढी. आई म्हणाली, "पास झालास बघ." पोतं घेऊन शनिवारी थेट प्रयोगशाळेत गेलो.

मामांनी पोत्यात डोकावलं. एक पेंढी उचलून उलटीपालटी केली.

"बांधल्यात तर झ्याक बे. बैल कुठं सोडलेत?"

"मामा, वाळवून आणा म्हणले होते."

"वाळवून म्हंजी दाबून, बाबा!" त्यांनी कपाटातून एक जाड कागद काढला. त्यावर मुळापासून फुलापर्यंत आघाड्याचं रोप सपाट चिकटवलेलं, कोपऱ्यात नाव. हर्बेरियम म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी मॅडम जर्नल आणि हर्बेरियम पाहून सही करणार होत्या, मंगळवारी प्रात्यक्षिक परीक्षा. सहीशिवाय बसता येत नाही. आणि झाड दाबून वाळायला आठ-दहा दिवस लागतात. मी जिन्यावर बसलो आणि मनातल्या मनात कोयत्याला धार लावू लागलो.

"कावून बसला रं? उद्या सकाळी ये. रद्दी आण."

रविवारी मामा घरून इस्त्री घेऊन आले. कॉलेजामागं पाण्याची टाकी गळायची, तिथं एवढी हिरवळ की तासाभरात वीस जाती झाल्या. खाली रद्दी, वर रद्दी, मधे रोप, वरून इस्त्री. पहिला माठ मी करपवला. प्रयोगशाळेत भाजीचा वास सुटला तसे मामा म्हणाले, "भाकरी आणायची ना येताना!" केना काही वाळेना. "ह्यो लई रसाळ हाय, दमानं घे." झाडं चिकटवताना ते इंग्रजी-लॅटिन नावं आरतीसारखी म्हणायचे आणि मी लिहायचो. एकदांडी म्हणजे ट्रायडॅक्स, केना म्हणजे कोमेलिना. तीस वर्षं लेबलं चिकटवून सगळं तोंडपाठ. नावं ताडायला कपाटातले जुने नमुने काढले होते, त्यातल्या एका कागदावर मात्र ते थांबले. तिवराचा होता, खाडीतल्या झाडाचा. "ह्याची मुळं म्हणं चिखलातून वर येत्यात. म्या काही समुद्र पाह्यला न्हाई."

सोमवारी सही झाली. मंगळवारी बाहेरून आलेल्या सरांनी केना बोटानं चाचपला. "इस्त्री केलीय का?"

"हो सर."

"आम्हीही तेच करायचो," म्हणाले, आणि हसले. दाराआड मामांनी तोंडावर फडकं धरलं होतं.

पेंढ्या मामांनी शेळीला नेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "तिनं तर तुला डिस्टिंक्शन दिलं!"

मग यादीतलं एकेक खोडत तीन वर्षं पार पडली. आता मी बीडपासून लांब, रत्नागिरीकडं एका प्रयोगशाळेत कामाला आहे. पदवीचा कागद अजून अधूनमधून काढून बघतो, काही राहिलं तर नाही ना. कागदात काही राहिलेलं नाही. राहिलंय ते एवढंच, की कामाच्या वाटेवर खाडी लागते आणि ओहोटीला तिवराची मुळं चिखलातून वर आलेली दिसतात.

मामा, यंदा तुम्ही रिटायर होताय. तुम्हाला इकडं आणणार. चपला हातात घ्यायला लावून चिखलात उतरवणार, ती मुळं तुमच्या हाताला लावणार. एकदा तरी लेबल न लावता झाड बघा. हा माझा शब्द.